तिसरा खांब

डावीकडचा तिसरा खांब खालून पोकळ झालाय.
बोट टोचलं तर ओल्या पावात जावं तसं
सरळ आत जातं.

एर्मिंदा बार्रिया किल्ली घेऊन शेजारी उभी.
पाद्री या बेटावर वर्षातून एकदा येतो,
तोही खाडी शांत असली तर.
उरलेलं वर्ष देव हिच्या एप्रनच्या खिशात राहतो,
सुतळी, काडेपेटी
आणि लसणाच्या दोन पाकळ्यांबरोबर.

"तुझा विश्वास नाही, ते ठाऊक आहे मला," ती म्हणते,
"पण होडी बांधता येते ना? मग हेही येईल."

येतंच.
आमच्या चिलोएतली देवळं होडीवाल्यांच्याच हातची.
माझ्या आज्याच्या बापानं हे छत
पालथ्या होडीसारखं घातलं:
वर बघावं तर फासळ्या, कणा, लाकडी खुंट्या,
आणि खाली आपण,
बुडालेले की वाचलेले, कळत नाही.

मी जॅक लावतो. छत उचलतो,
बोटभर.
तेवढ्यात जो तो काहीतरी सांगायला येतो.
हातोडीवाला माणूस दिसला की
लोकांना कबुलीजबाब का आठवतो कोण जाणे.

बेलार्मिनो पाणबुड्या, कालवं काढणारा, म्हणाला:
"खाली दहा वाव पाण्यात
श्वास वरून येतो, पिवळ्या नळीतून.
नळीच्या दुसऱ्या टोकाला माझा मेव्हणा असतो.
तो पितो.
तरी मी श्वास घेतोच की."
आणि नाक शिंकरून निघून गेला.

ओतिलिया मास्तरीण म्हणाली, देवाचं तिचं तसं बेताचंच.
तिला गायचं असतं.
घरात एकटीनं मोठ्यानं गायलं
तर शेजारी खिडकी लावून घेतात.

रोसेंदो बराच वेळ बोललाच नाही,
भुसा पायानं गोळा करत राहिला.
मग म्हणाला, "आमचा करार होता.
मी दर मंगळवारी मेणबत्ती लावायची,
त्यानं पोराला सांभाळायचं, तिकडे दक्षिणेत,
माशांच्या पिंजऱ्यांवर काम करतो तो.
परवा एक मंगळवार चुकला.
पोराला काही झालं नाही.
तेव्हापासून झोप नाही मला."

यावर काय बोलणार?
मी त्याला कुरतडलेल्या लाकडाचा तुकडा दाखवला.
त्यानं तो हुंगला
आणि कोटाच्या खिशात घातला.

दुपारी एर्मिंदानं बटाटे आणले, वाफाळते.
मी विचारलं, "आणि तुमचं?"
तिनं कोपऱ्यातल्या सान अंतोनियोकडे हनुवटी केली.

"एव्हारिस्तोची होडी आली नाही, त्या रात्री
याला भिंतीकडे तोंड करून उभा केला.
अकरा वर्षं.
लोक बोलले. बोलू दिलं."
बटाट्याचं साल सोलत होती ती,
एका अखंड पट्टीत.
"पण धूळ पुसत होते हो.
दर शनिवारी. पाठीची."

"मग फिरवला कधी?"

"पाठीला कीड लागली तेव्हा.
औषध भरायचं तर उजेडाकडे पाठ हवी.
फिरवला, तर समोर तोंड.
त्याचं नाक फुटलेलं. माझे केस पांढरे.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
झालं."

संध्याकाळी नवा खांब बसला.
सायप्रसचा, तीन वर्षं वाळवलेला.
बसवण्याआधी बुडाशी एक नाणं ठेवलं मी.
डोलकाठीखाली ठेवतात, म्हणून.
सवय असते हाताला.

जॅक सैल केला.
छत खाली आलं आणि लाकूड करकरलं,
दमलेलं माणूस खुर्चीत टेकतं
तेव्हा जसं करकरतं, तसंच.

"काही म्हणालास?" एर्मिंदानं विचारलं.
"मी नाही."
तिनं मान डोलावली, जास्त चौकशी केली नाही.

बाहेर वारा. कुत्रं पायरीवर.
दार लावताना तिनं माझा हात धरून
किल्लीवर ठेवला.
"बघून ठेव. जुनं कुलूप आहे, हट्टी.
दोनदा सरळ.
मग एकदा उलटी."