एंता?

रात्री सव्वादोनला, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
चार मागांच्या मध्ये मी उभा असतो,
कानात कापूस, खिशात फोन.
निळ्या काठाचे टॉवेल उतरत असतात
मी कधीच न जाणाऱ्या कुठल्याशा हॉटेलासाठी.

वंगारीच्या श्रीहरीनं शिकवलं.
"का बे, नुसता उभाच राहतोस? पन्नास टाक, बघ की."
पन्नासाचे तीनशे ऐंशी झाले त्याच रात्री.
त्या तीनशे ऐंशीनं माझं जेवढं वाटोळं केलं
तेवढं पुढच्या कुठल्याच हरण्यानं केलं नाही.

घरी नागमणी बिड्या वळते.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
ब्रँचमध्ये चेकरनं छाट काढली
तर येऊन आकडा सांगते: आज बावीस गेल्या.
आणि मी?
दसऱ्यापासून गड्ड्याच्या जत्रेपर्यंत किती गेले,
मनालाच विचारलं की मन म्हणायचं, असेच, थोडे.

'थोडे' हा आकडा नाही,
हे कळलं बँकेत, पासबुक छापताना.
यंत्र करकरत राहिलं. पान संपलं.
पान उलटा, म्हणालं. उलटलं.
पुन्हा, पान उलटा.
रांगेतले एक म्हातारे कौतुकानं म्हणाले,
"धंदा जोरात दिसतोय तुमचा."

एकतीस हजार चारशे.
नागमणीच्या हिशेबात किती बिड्या झाल्या
ते पासबुकाच्या कव्हरवर मांडत होतो,
अर्ध्यात खोडलं.

सांगितलं तेव्हा ती रडली नाही.
मांडीवरचं सूप तेवढं खाली ठेवलं,
अर्धी वळलेली बिडी तशीच त्यात टाकून.
अठरा वर्षांत असं मी दुसऱ्यांदा पाहिलं.
पहिल्यांदा, तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा.

माझ्या मागाला एक बारीक काटा आहे.
दर फेऱ्याला सूत चाचपतो.
बाण्याचा धागा तुटला, काट्याला सापडला नाही,
की खट्. माग उभा.
मालक ओरडू दे, ऑर्डर अडू दे,
गाठ मारल्याशिवाय पुढे नाही.
त्या खेळात काटा नाही.
धागा कधीचाच तुटलेला असतो, धोटा पळतच असतो,
आणि तुम्हाला वाटतं, कापड होतंय.

म्हणून काटा मीच बसवला.
आठवड्याला शंभर.
ते बटण सेटिंगमध्ये पार तळाला दडवलेलं,
थोरलीनं, पद्मजानं, शोधून दिलं,
माझ्याकडे न बघता.
बँकेचे मेसेज आता नागमणीच्या फोनवर.
शिफ्टला माझा फोन जॉबरच्या कपाटात,
ऑइलच्या डब्यामागं.

श्रीहरी म्हणतो, शंभरात काय मजा.
खरंय. नाहीच.
तिकीट काढलं, सिनेमा पाहिला, पैसे गेले,
एवढंच धरायचं.
एखादा आठवडा न खेळताच जातो.
एखाद्या बुधवारीच शंभर संपतात,
मग हात खिशाकडे जातो,
खिसा रिकामा, तरी परत जातो.

मर्यादा वाढवायची तर चोवीस तास थांबा, म्हणतं ते.
एकदा थांबलो.
चोवीस तासांनी बटण समोर होतं.
दाबलं नाही, असं लिहायला आवडलं असतं.
दाबलं. दोनशे.
सकाळी तेही सांगितलं.

सातला घरी येतो, भुवयांवर सुताची पांढरी लव.
ती मान वर करत नाही,
हजाराच्या मधे कुठंतरी असते,
आकडा सुटू नये म्हणून ओठांत धरलेला.
आमच्या घरच्या तेलुगूत एकच शब्द टाकते:
"एंता?"
मी सांगतो, सुट्ट्यासकट.
ती ऐकते,
आणि सहाशे चाळीसपासून पुढे मोजू लागते.