रकाना सात

गिरपांच्या दाजीने कालवफोड्या आणला
कालच्या पेपरात गुंडाळून.
चोच तेवढी बाहेर, पिकल्या मिरचीसारखी.
"मास्तर, भरून देवा. शाळेत ठेवया."

मी हात मागे घेतले.
मेला म्हणून काय झालं,
हा सरकारचा. पीसही उचलायचं नाही आपण.
"आणि सुरमय?"
सुरमईचं वेगळं, म्हटलं.

कुडाळहून गार्ड आला, मोटरसायकलवर.
वायंगणीच्या वाळूत बसून पंचनामा लिहिला:
नग एक, जखम नाही,
उजव्या पायात कडी, अक्षरं परकी.
पंच म्हणून दाजीची सही,
कागदाला चिकटलेला एक खवला.

मग अर्ज. मग बर्फाची पेटी,
आणि बायकोचं रोज एकच,
"ह्यो कधी जातलो?"
शिमगा झाला. वाळूवरचे बाकीचे
एका रात्रीत उत्तरेला उठून गेले
कुणाला न विचारता.

आषाढात अर्ज परत आला.
नामंजूर नाही, मंजूरही नाही.
रकाना सात कोरा: मूळ ठिकाण.

कापूस, तार, काचेचे दोन डोळे
अजून पुडीतच.
मी पेन उघडून बसलोय.
अंडं फुटलं ते लिहू,
की भरती ठेवून गेली ते?

होड्या शाकारल्यात.
बर्फाचा कारखाना कालपासून बंद.