लामियाची झाडलोट

घर नीट झाडलं नाही की
पिंडसच्या या उतारावर म्हणतात,
लामियानं केर काढलाय.
कमरेखाली नागीण ना ती,
वळली की शेपटीनं पुन्हा पसरते सगळं.

सासू गारिफालिया परवाही म्हणाली. मी हसले.
खिडकीखालचा कोपरा मी झाडत नाही.
तिथे स्टामोसचा एक बूट आहे,
बुटात अक्रोडाची टरफलं, त्यानंच भरलेली.

मुलं हिरावली गेली, मग झोपही,
तेव्हा रात्री डोळे काढून
वाडग्यात ठेवायची म्हणे लामिया.
शेजारणी आपापल्या पोरांना
तिचंच भय घालून निजवतात.
निजवू देत.

आज गारिफालियानं स्वतः केरसुणी उचलली,
उंबऱ्यापासून झाडत
खिडकीपर्यंत आली,
बुटाशी थबकली.

मग तिनंही वळसा घातला.