पुसणारी

वाचनालयाच्या तळघरात मंगळवारी साडेपाचला
एकतीस माणसं जमली.
बाहेर तीनपासूनच अंधार.
ताम्परेच्या नोव्हेंबरात दिवस असा नसतोच,
नुसती मधली सुट्टी.

मागणी एकच: पलीकडची होडी परत दाखवा,
शुक्रवारी सातला, पूर्वीसारखी.
एक तरुण म्हणाला, नव्याने करू, रंगीत करू.
मागून कुणी म्हातारा कडाडला:
रंगीत? त्या तळ्याला रंग होता कुठं?

मग सगळेच एकदम बोलू लागले.
नावाड्याची कानटोपी.
तो मुका घड्याळजी.
आणि ती सुईण, होडीत चढताना
एक बूट काठावरच विसरलेली.
डावा, म्हणाल्या एक बाई.
उजवा, म्हणाले त्यांचे यजमान.
पन्नास वर्षांच्या संसारात
एवढं एक भांडण राहून गेलं असावं.

पण शेवटचा भाग प्रत्येकालाच हवा होता.
पलीकडच्या काठावर कंदील धरून कोण उभं होतं?
दर आठवड्याला एक उतारू उतरायचा धुक्यात,
कंदील जरासा हलायचा,
आणि नावं सरकू लागायची.

मी मागच्या रांगेत, हातात कॉफी,
बशीत वेलदोड्याच्या पावाचा तुकडा, तसाच.
मला माहीत होतं ते येणार नाही.
मीच पुसलं होतं.

साल अठ्ठ्याहत्तर. फिती महाग, कपाटं तुडुंब.
वरून यादी यायची, टंकलेली,
खाली माझी सही.
यंत्र पोळपाटाएवढं.
फीत ठेवायची, कळ दाबायची, गोल फिरवायची,
आणि उचलताना हळू, अगदी हळू, लांब न्यायची.
घाई केली की फितीत गुणगुण मागे राहते.
माझं काम चोख.
अकरा फिती, मध्ये जेवणाची सुट्टी.
मग त्यांच्यावर बर्फावरच्या उड्या चढल्या,
जिंकलं कोण, तेही आता कुणाला आठवत नाही.

शेवटचा भाग मी पाहिलेलाच नव्हता.
शुक्रवारी माझी रात्रपाळी.

सभा उठायला आली तेव्हा रायमो उभा राहिला,
कागदगिरणीतून निवृत्त, एका कानाने अधू.
पावाच्या पिशवीतून कॅसेट काढली.
तेरा वर्षांचा होतो, म्हणाला,
टीव्हीच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर धरून बसायचो.
चित्र नाही यात.

खरखर.
मग वल्हं, पाण्यात एकदा, लाकडावर एकदा.
बसा, हलू नका, नावाडी म्हणाला,
आणि पुढच्या ओळीतली चार माणसं
खरंच सावरून बसली.

मग एक बाई, मालिकेतली नव्हे:
रायमो, दार लाव, ऊब जातेय.
दार लागल्याचा आवाज.
कुणाचा तरी खोकला, चुलीत सरकवलेलं लाकूड,
मध्येच दीड वाक्य घड्याळजीचं (म्हणजे मुका नव्हताच तो!)
पण कुणी हूं की चूं केलं नाही.

होडी काठाला घासली.
नावाड्याने विचारलं, कोण आहे तिकडे?
तिकडून काही उत्तर आलं असेल.
त्याच्यावर भांड्याचं झाकण आदळलं,
आणि तीच बाई, अगदी जवळून:
अरे, बटाटे निवताहेत, किती वेळा हाक मारायची?
खुर्ची ओढली गेली. पावलं.
मग फीत नुसतीच फिरत राहिली.

कुणीतरी म्हणालं, जरा मागे घ्या.
रायमोने घेतली नाही.
तो आपला चांगला कान यंत्राला लावून उभा होता.

सह्यांचा कागद माझ्यापर्यंत आला.
केंद्राच्या कुठल्याशा खोक्यात माझी सही
अकरा वेळा पडून असेल अजून.
बारावी इथं केली: सिर्का हाल्मे.
वळण तेच आहे, बदललेलं नाही.

बाहेर कोट चढवताना त्या बाई म्हणतच होत्या:
डावा. मी सांगते ना, डावाच.