अक्कलहुशारीने

अमळनेरात, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या भिंतीला टेकून
एकतीस वर्षं मी हेच टाइप केलं:
'मी लिहून देणार, माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने...'
एका दमात, न बघता,
कणकेत मीठ टाकावं तसं.
नावं बदलायची, गट नंबर बदलायचे,
चतुःसीमा बदलायच्या
(पूर्वेस लोटन धनजी यांचे शेत, पश्चिमेस नाला),
हा शब्द तेवढा कायम.

गेल्या चैत्रात एका खरेदीखतात
मी चारही दिशांना नालाच लिहिला.
पक्षकार हसला,
'मावशी, माझ्या शेताचं बेट केलं तुम्ही!'
मीही हसले.
घरी येऊन दाराला आतून कडी घातली
आणि बराच वेळ दिवा लावला नाही.

कारण आईचं असंच सुरू झालं होतं.
शाळेतली मराठी आधी गेली,
मग आबांचं नाव, मग माझं.
अहिराणी तेवढी राहिली.
रोज तिन्हीसांजेला विचारायची,
'कोनी पोर शे व तू?'
'तुनीच.'
'मनी?'
आणि खूश व्हायची, रोज नव्याने.
बँकेत तिची सही जुळेना.
अंगठा घ्यायला साहेबाने हात धरला
तर तिने हिसकून पदराखाली लपवला,
जसं काही तो तिचं शेवटचं काही
काढून घेणार होता.
बारा हजार सातशे रुपये होते खात्यात.
ती गेल्यावर दीड वर्षाने मिळाले.

म्हणून आज लिहून देणार मी:
शैलजा त्र्यंबक देवरे, वय अडुसष्ट, धंदा टंकलेखन.
लिहून घेणार बहिणीची हेमांगी,
शिरपूरहून सकाळच्या एसटीने आलेली,
पिशवीत माझ्यासाठी बिबड्या.

गिरासे वकिलांनी चष्मा कपाळावर सारला.
'ताई, तुम्हाला मी काय सांगू?
देणाऱ्याची अक्कल गेली
की मुखत्यारपत्रही गेलं.
मग कोर्टात जा, पालक नेमून घ्या, तारखा मोजा.'
माहीत होतं.
किती जणांना मीच सांगितलंय हे,
टॅब दाबता दाबता.
म्हणजे असा माठ,
जो नेमका उन्हाळ्यातच गळतो.

'मग कशाला करायचं, मावशी?' हेमांगी म्हणाली.
तिला म्हटलं,
चैत्र लागायच्या आधीही तहान लागतेच की.
पेन्शन आहे, घरपट्टी आहे,
लाइटबिलावर अजून आबांचंच नाव आहे.

पुढचं मी साध्या कागदावर टाइप केलं.
त्याला ना मुद्रांक, ना साक्षीदार:
कळण्याची भाकरी कुस्करून दे,
पण ठेच्याशिवाय नको, डॉक्टर काही म्हणोत.
टाइपरायटर विकू नकोस.
रिबन नसली तरी चालेल,
बोटं ठेवायला जागा पाहिजे.
मला घरी ठेवणं झेपलं नाही तर
ठेवू नकोस. हे मी आत्ता,
कळतंय तोवर सांगते आहे,
नंतर मी रडेन, तिकडे लक्ष देऊ नकोस.
आणि विचारलं, तू कोण,
तर नाव सांगत बसू नकोस.
काय म्हणायचं ते तुला माहीत आहे.

आत मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुसून पुन्हा. लाल.
किल्ल्यांनी रेषाच झिजवल्या होत्या.
तर्जनी, मधलं, अनामिका,
मागे रांगेत कुणीतरी जांभई दिली.
शेवटी डावी करंगळी.
तिच्या वाट्याला अक्षरं कमीच आली होती.
तिला ओळखलं.

नवीन पोरगा होता खुर्चीवर,
संगणकातून मान वर न काढता त्याने विचारलं,
'राजीखुशीने देताय ना?'
'हो.'
'अक्कलहुशारीने?'

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच
मी तो शब्द कानाने ऐकला.
केवढा लांब आहे.

'आज बुधवार,' मी म्हटलं.
'आज, हो.'