घट

गुलाब मुजावर दुकानात आला
तेव्हा मी बोरमाळेचे मणी ओवत होतो.
उद्यमनगरात चाळीस वर्षं ओतकाम केलेला माणूस,
भुवया एकदा भट्टीनं नेल्या त्या नेल्याच.
म्हणाला, "मालक, वजन करायचंय. विकायचं न्हाई."

पुडीत डबी, डबीत कापूस,
कापसात करडा कपचा, आत पांढरे कण,
भाकरीत भरडी कणी राहावी तसे.
काटा हलला, थांबला:
एक ग्रॅम दोनशे दहा मिली.
वडिलांच्या हिशेबात दहा गुंजा.

"चंद्राचा हाय," तो म्हणाला.
गुजरीत माणसं काहीही सांगतात. मी मान हलवली.
"तिकडं वाळवंटात पडलेला. पोस्टानं आला.
तीन महिन्यांची पेन्शन."
सोन्याहून महाग का, मी विचारलं.
"होता. आता सोनंच चंद्राच्या वर गेलंय."

त्याच्या खिशात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक असतं.
गल्लीतली पोरं काळे दगड आणतात, चाचा, उल्का!
चुंबक टक्कन चिकटतं.
ती सगळी कारखान्याची मळी,
त्यातली निम्मी त्यानंच कधीतरी फेकलेली.
तरी परत देत नाही. तेलाचा डबा भरलाय.
"उचलून तरी बघत्यात," म्हणतो.

कपच्याला चुंबक लावून दाखवलं. हललंही नाही.
वरचे काळे डाग म्हणजे कातळच, म्हणाला,
लाव्हा थिजलेला, पन्हाळ्याचा थिजला तसा.
"मग पन्हाळ्याचाच घ्यायचा की!" मी म्हणालो.
हसला नाही.

मग खरं काम सांगितलं.
हुरमतबीचे डोळे आठ वर्षांपूर्वी गेले.
रमजानच्या शेवटच्या संध्याकाळी
सगळे गच्चीवर बोट करतात, तिकडं, तारेच्या वर,
आणि ती सगळ्यांच्या नंतर म्हणते, दिसला.
"लॉकेटात बसवा. मागनं उघडं ठेवा.
बोट लागलं पायजे."

दगड ठिसूळ. कानस लावताना
माझा श्वास मलाच ऐकू येत होता.
चांदीचं कोंदण, चार नख्या.
एक कोपरा तरी गेलाच.

घेऊन जायला दोघं आली. तिनं अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला.
"गरम हाय."
आत्ताच डाग दिलाय, दिव्याची ऊब आहे ती,
हे माझ्या तोंडावर आलं होतं.
गुलाबनं माझ्याकडं बघितलं. मी पावती फाडली.

"घट किती धरली?"
"एक गुंज."
सोनाराला आयुष्यात इतक्या सरळ
कुणी कधी मान डोलावली नसेल.

सकाळी शेवंता झारेकरीण आली,
दारापुढची धूळ ब्रशनं गोळा केली,
गटारीकडेला बसून पाटीत धुतली, हेलकावे देत,
हलकं ते वाहून गेलं जयंती नाल्याकडं,
जड ते राहतं म्हणून ती वाट बघत राहिली.
पाटी तिरकी करून उन्हात धरली.
"काय न्हाई मालक," म्हणाली,
"आज नुसती राख."