काही आवरू नका

तीन वेळा लिहिला तो निरोप, तीन वेळा खोडला.
'नमस्कार, तुम्ही घरी येऊन फोटो काढता का?'
यात लाजण्यासारखं काय आहे.
पण आमच्या भद्रावती पेठेत कॅमेरा घरी येतो
तो लग्नाला, नाहीतर बारशाला.
साध्या दिवशी कोण बोलावतं?
समोरच्या येमूलबाई विचारणारच,
'काय, कुणी बघायला येणारेत का?'

इरफाना बागवान तिचं नाव, होटगी रोडला राहते.
फोनवर म्हणाली, उभं राहायचं नाही, हसायचं नाही,
तुम्ही तुमचं करा, मी माझं करीन.
आणि हो, काही आवरू नका.

काही आवरू नका!
हे सांगत होती ती मला,
जी गॅसवाला आला तरी
आधी दिवाणावरची चादर ताणते.

मग हिशोब. साडेचार हजार.
एवढ्यात कूलरला नवी मोटर येईल.
मग भिंत, जिचे पोपडे
दोन वर्षं कॅलेंडरनं झाकलेत.
मग अत्तम्मा, उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन
पानं कातरत, जर्दा भरत,
हजार विड्यांचा दिवस संपवत.
खोटं कशाला बोलू,
अडचण भिंतीची नव्हती, सुपाची होती.
शाळेत शिकवते मी.
स्टाफरूममध्ये सुपाबद्दल कधी बोलले नाही.

मामंजी गेले तेव्हा फोटो शोधला घरभर.
मिळाला मतदानाच्या कार्डावरचा,
मोठा केला तर चेहरा पिठासारखा विस्कटला.
त्यात हात नाहीत.
धोट्याच्या भोकाला ओठ लावून
एका दमात सूत ओढून घ्यायचे ते,
आणि दोरा दातांत तसाच धरून
आम्हाला रागवायचे,
ते कुणी काढून ठेवलंच नाही.
हारामागे जो माणूस आहे
त्याला मी कधी पाहिलेलं नाही.

चौथ्यांदा लिहिलं आणि पाठवून दिलं,
इंजेक्शन घेताना मिटतात तसे डोळे मिटून.

रविवार ठरला. श्रीनिधीचा पिवळा फ्रॉक इस्त्री झाला.
शनिवारी रात्री कळलं, पाण्याची पाळी पुढं ढकललीय,
उद्या पहाटे सोडणार.
पाच दिवसांनी येणारं पाणी कुणासाठी थांबत नाही.
मी लिहिलं, 'उद्या नको, उद्या पाणी आहे.'
तिचं उत्तर आलं, 'मग तर येतेच.'

साडेपाच. मोटर, पाइप, घागरी, तेलाचे डबे, टोप, जे रिकामं सापडेल ते.
श्रीनिधी बनियनवर, टाकीत डोकं घालून.
मी गाऊन खोचून, केस कसेतरी.
इरफानानं आल्या आल्या दोन बादल्या उचलल्या,
कॅमेरा डोळ्याला कधी लावला
मला ठाऊक नाही.
मधेच पाइपचा सांधा सुटला
आणि अख्ख्या बोळाला अंघोळ झाली.
येमूलबाईसुद्धा हसल्या.

बारा दिवसांनी फोटो आले.
अत्तम्मा चष्मा लावून बसली.
सुपाच्या फोटोवर म्हणाली, 'पानं बघ की कशी दिसलीत,
एकालाबी भोक नाही.'
मला वाटलं होतं, चिडेल.

मग एकावर थांबली.
अंबादास ओल्या फरशीवर उकिडवा,
पाइप गुडघ्यांत दाबलेला,
चिंधीचं एक टोक दातांत,
कपाळाला आठी, कुणाला तरी रागवतोय
(मलाच, मोटर बंद कर म्हणून).
'हे अंबादास नव्हे,' ती म्हणाली.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
अंबादासनं चहाचा कप उगाच खाली ठेवला.
अत्तम्मानं पदरानं स्क्रीन पुसली,
जिथं काही लागलेलं नव्हतं.

भिंत कुठल्याच फोटोत नीट आलेली नाही.

सुपाचा फोटो स्टाफरूममध्ये
अजून दाखवलेला नाही.
परवा फोनवर उघडला होता,
कुलकर्णीबाई शेजारीच होत्या,
तेवढ्यात तासाची घंटा झाली.